‘ज्याचं त्याचं मत’ म्हणून मुलं गप्प बसतात, पुढं काय करू?

प्रश्न: मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला शिकवते. शनिवारच्या शेवटच्या तासाला मुलांशी तत्त्वज्ञानातल्या प्रश्नांवर चर्चा सुरू केलीये, म्हणजे खोटं बोललेलं कधी चालतं का, न्याय म्हणजे काय, असं. सुरुवातीला मजा आली, पण आता त्याच चार-पाच मुली बोलतात, बाकीची माझ्या तोंडाकडे बघून मला आवडेल ते सांगतात आणि कुणी वेगळं बोललं की ‘मॅडम, ज्याचं त्याचं मत असतं’, झालं, विषय संपला. पटावर 46 मुलं आहेत. त्यात एका पालकांनी विचारलं, याचा स्कॉलरशिपला काय उपयोग? काय सांगू?
– एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर: मॅडम, ते ‘ज्याचं त्याचं मत’ वाक्य सोडू नका, त्यालाच धरा. फळ्यावर दोन वाक्यं लिहा, ‘मला भेंडी आवडत नाही’ आणि ‘वर्गात नवीन आलेल्या मुलाला चिडवलं तर काय बिघडलं’, आणि विचारा की ही दोन्ही सारखीच मतं आहेत का. भेंडीला कुणी कारण मागत नाही, दुसऱ्याला मागावंच लागतं, आणि सातवीच्या पोरांना हे पटकन कळतं, तीच एकमेकांना धरायला लागतात. तिथून पुढं वर्गाचा नियम एवढाच की मत सांगितलं की कारण सांगायचं आणि दुसऱ्यानं ते कारण तपासायचं, सांगणाऱ्याला टोचायचं नाही. नुसती मतं गोळा करत फिरलो तर ती चर्चा होतच नाही, हजेरी होते.

दुसरं म्हणजे प्रश्न तुम्ही नेताय. ‘न्याय म्हणजे काय’ असं मॅडमनी विचारलं की मुलांना वाटतं याचं उत्तर मॅडमकडे आहे, मग ती तुमच्या तोंडाकडेच बघणार ना. अमेरिकेत मॅथ्यू लिपमन म्हणून तर्कशास्त्राचे प्राध्यापक होते, त्यांना कोलंबिया विद्यापीठात शिकवताना वाटायला लागलं की विचार करायची सवय लावायला कॉलेज म्हणजे फार उशीर होतो, म्हणून त्यांनी दहा-अकरा वर्षांच्या मुलांसाठी एक कादंबरीच लिहिली आणि 1974 मध्ये अ‍ॅन मार्गारेट शार्प यांच्या सोबतीनं न्यू जर्सीतल्या माँटक्लेअर स्टेट कॉलेजात या कामासाठी संस्था काढली. त्यांची पद्धत साधी आहे. सगळ्यांनी गोलात बसून उतारा आळीपाळीनं मोठ्यानं वाचायचा, मुलांना पडलेले प्रश्न फळ्यावर लिहायचे, प्रत्येक प्रश्नापुढं विचारणाऱ्याचं नाव, आणि कुठला घ्यायचा ते मुलांनीच ठरवायचं. फळ्यावर आपलं नाव बघून मागच्या बाकावरचं पोरगं जे सरसावून बसतं ना, ते कितीही ‘बोल रे’ म्हटलं तरी होत नाही.

उतारा म्हणाल तर मी मिलिंदपञ्हा या जुन्या पाली बौद्ध ग्रंथातला रथाचा प्रसंग घेईन. ग्रीक राजा मिलिंद, म्हणजे मिनँडर, भिक्खू नागसेनाला नाव विचारतो, तर नागसेन म्हणतो की लोक नागसेन म्हणतात खरं पण ते नुसतं नाव, त्यामागं कुणी व्यक्ती सापडत नाही. राजाला हे पटत नाही, तेव्हा नागसेन विचारतो, तुम्ही रथातून आलात ना, मग आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? बस, इथंच पुस्तक मिटा, त्यांचं उत्तर सांगू नका. मुलं लगेच आपल्या सायकलवर येतात, टायर बदलला, चेन बदलली, हँडल बदललं, फ्रेमसुद्धा बदलली तर तीच सायकल का, आणि जुने पार्ट जोडून कुणी दुसरी उभी केली तर खरी कुठली? मग कुणीतरी विचारतंच, मी बालवाडीत होतो तो मीच का? नाहीच विचारलं तर तुम्ही विचारा.

46 जणांचा एक गोल होत नाही. आतल्या गोलात पंधरा-सोळा बोलणारे, बाकीचे बाहेर बसून ऐकणारे, प्रत्येकानं आवडलेलं किंवा न पटलेलं एक कारण वहीत लिहायचं, पुढच्या शनिवारी आतले बाहेर. त्याआधी दोन मिनिटं शेजाऱ्याशी बोलू द्या, लाजरी मुलं तिथं बोलतात. आणि ‘शाब्बास’, ‘बरोबर’ हे त्या तासापुरतं बंद ठेवा, अवघड जातं पण ठेवाच, त्याऐवजी ‘असं का वाटतं?’ किंवा ‘हिचं म्हणणं तुझ्या शब्दांत सांग’. शांतता पसरली की घाई करून बोलू नका, मनात दहा आकडे मोजा. एक मात्र सांभाळा, कुणाच्या घरची गरिबी, जात, भांडणं चर्चेत ओढायची नाहीत, अवघड विषय गोष्टीतल्या माणसांवरच ठेवायचा.

पालकांना मार्कांचं आश्वासन देऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. इंग्लंडमध्ये 48 प्राथमिक शाळांत हा प्रयोग झाला, 2015 च्या अहवालात वाचन आणि गणितात साधारण दोन महिन्यांची जास्तीची प्रगती दिसली, त्याचा बराच गाजावाजा झाला, पण नंतर त्याहून मोठी चाचणी घेतली तर 2021 मध्ये कळलं की गरीब घरांतल्या मुलांच्या वाचनात फरक दिसत नाही. त्यापेक्षा त्या पालकांना एका शनिवारी बाहेरच्या गोलात बसवा आणि त्यांच्या हातातही वही द्या.