चुकारा म्हणजे भाव नव्हे

'कापसाचे चुकारे थकले' या बातमीतला चुकारा म्हणजे कर्जाचा हप्ता का, असं विचारलंय. नाही. विकलेल्या मालाचा हिशोब होऊन शेतकऱ्याला मिळायचे पैसे म्हणजे चुकारा. वऱ्हाडात कापूस-तूर-सोयाबीनचा, भंडारा-गोंदियाकडे धानाचा. आधीच घेतली ती उचल, सौदा पक्का करायला दिला तो विसार. चुकारा काटा, म्हणजे वजन, झाल्यावरच. शब्द पुल्लिंगी: चुकारा झाला, चुकाऱ्याचा धनादेश, चुकारे अडले. मूळ 'चुकवणे', म्हणजे देणं फेडणं. 'कामचुकार'मध्येही हेच क्रियापद आहे, पण टाळण्याच्या अर्थानं. काही व्यापारी दोन्ही अर्थ सांभाळून असतात!

भाव ऐकून चुकाऱ्याचा अंदाज बांधू नका. 2025-26 चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये, पण तो 8 टक्के ओलाव्याला. पुढं 12 टक्क्यांपर्यंत दर टक्क्यामागे 1 टक्का किंमत उतरते, त्यावर माल परत. म्हणजे 10 टक्के ओलाव्याच्या 10 क्विंटलचा चुकारा 81,100 नाही, 79,478. दवात वेचून लगेच गाडीत भरलेला कापूस इथंच मार खातो.

चुकारा बुडायची भीती जास्त ती खेडा खरेदीत. व्यापारी दारात येतो, शंभर-दोनशे जास्त सांगतो आणि 'पंधरा दिवसांनी' म्हणतो. बाजार समितीत नोंद नाही, म्हणून तक्रारीला आधारच नाही. समितीत विकला तर परवानाधारकाच्या नावाची सौदापट्टी आणि काट्याची पावती हातात राहते. पैसे अडले तर तीच घेऊन सचिवाकडे लेखी अर्ज करता येतो. नगदी हवेत म्हटलं की काहीजण टक्का-दोन टक्के कापतात. ती कपात पट्टीवर लिहून मागा, बऱ्याचदा तिथंच विषय संपतो.

हमीभावानं कापूस घेणाऱ्या सीसीआयचा (भारतीय कापूस महामंडळाचा) चुकारा आधार जोडलेल्या बँक खात्यात जातो. दोन-तीन बँकांत खाती असली की शेवटी ज्या बँकेत आधार जोडलं तिथं पैसे पडतात, आणि माणूस जुन्याच पासबुकात शोधत बसतो. अपुऱ्या कागदांवर उघडलेलं छोटं खातं असेल तर 50,000 पेक्षा जास्त शिल्लक चालत नाही, मोठी रक्कम अडते. केवायसी पूर्ण करायची ती गाडी भरायच्या आधी.