फ्रेंच हेरपटाची डिस्क मागवण्याआधी

हेरगिरीचे विनोदी फ्रेंच सिनेमे पाहायचेत ना? मग सुरुवात दिग्दर्शक इव्ह रोबेरच्या १९७२ मधल्या 'ल ग्राँ ब्लों आव्हेक युन शोस्युर न्वार'पासून करा. आपल्याकडे फारसा कुणाच्या गावी नाही. एका पायात काळा, दुसऱ्यात तपकिरी बूट घालून विमानतळावर उतरलेला साधा व्हायोलिनवादक, आणि त्यालाच बडा हेर समजून मागे लागलेलं अख्खं गुप्तहेर खातं! त्या वादकाच्या भूमिकेत पिएर रिशारचा वेंधळेपणा अफलातून. नायिका मिरेइ दार्कचा तो पाठ उघडी ठेवणारा काळा ड्रेस दिसला की कळेलच, लोक अजून त्याबद्दल का बोलतात ते.

आता डिस्क. ब्लू-रेला जगाच्या भागांनुसार रीजन कोड असतो, तो प्लेअरशी जुळला नाही तर डिस्क चालत नाही. फ्रान्सची ब्लू-रे बहुधा रीजन बी असते, आपला प्लेअर रीजन सी. खोक्यावर नीट बघा. त्याहून महत्त्वाचं, इंग्रजी सबटायटल्स आहेत का ते आधी विचारा. फ्रेंच आवृत्त्यांत ती पुष्कळदा नसतातच. मी एकदा घाईत मागवली आणि दीड तास नुसते हावभाव बघत बसलो. (तरी हसलो, ते सोडा.) जुनी 'पाल' (PAL, युरोपातली टीव्ही-पद्धत) डीव्हीडी तीनचार मिनिटं कमी भरली तर कात्री लागली असं लगेच समजू नका, सेकंदाला २४ ऐवजी २५ फ्रेम्सनी, म्हणजे जरा जलद धावते ती.