चर्चला 'देऊळ' म्हणणं चूक आहे का?

एका ताईंनी विचारलंय, थोडक्यात सांगतो. ऑफिसातली त्यांची मैत्रीण वांद्र्याच्या चिंबईची, ईस्ट इंडियन कॅथलिक, म्हणजे मुंबई-वसईकडच्या मूळच्या मराठी बोलणाऱ्या कॅथलिकांपैकी. तिची आजी फोनवर म्हणाली की 'रविवारी सकाळी मी देवलान जातंय, तू दुपारी ये', आणि ताईंना कळेना की ख्रिश्चन बाई देवळात कशाला जातेय. मग कळलं की आजींचं देऊळ म्हणजे चर्च. ताई विचारतायत की हे बरोबर मराठी आहे का, आजींनी हिंदू शेजाऱ्यांचा शब्द उचलला असेल का, चर्चसाठी 'इगर्जी' हा खरा शब्द आहे ना, आणि जाता जाता, मोत माउलीतलं (म्हणजे वांद्र्याच्या माउंट मेरीतलं) 'मोत' म्हणजे मोती का.

तर आजींचं शंभर टक्के बरोबर आहे. उचलला वगैरे काही नाही, तो त्यांचाच शब्द आहे, जितका आपला तितकाच त्यांचा.

आधी शब्द बघू. देऊळ आलं 'देवकुल' वरून, देवकुल, मग प्राकृतात देवउल, मग देऊळ. यातलं 'कुल' म्हणजे घर, जसं गुरुकुल म्हणजे गुरूचं घर, राजकुल म्हणजे राजाचं घर आणि त्याचंच पुढे 'राऊळ' झालं. म्हणजे देऊळ याचा सरळ अर्थ देवाचं घर, बस. कुठल्या देवाचं, मूर्ती आहे की क्रूस आहे, हे त्या शब्दात कुठेच नाही, ते आपण नंतर आपल्या सवयीने त्याला चिकटवलं. आणि मराठी कॅथलिक माणूस प्रार्थनेत 'देव' हाच शब्द वापरतो, मग त्या देवाच्या घराला तो देऊळ म्हणणार नाही तर काय म्हणणार?

आता गंमत बघा. 'चर्च' हा शब्द मागे मागे नेला तर ग्रीक 'कुरियाकोन' पर्यंत जातो, म्हणजे 'प्रभूचं', प्रभूचं घर. आणि 'इगर्जी' आली पोर्तुगीज 'इग्रेजा' वरून, ती लॅटिन 'एक्लेसिया' वरून, आणि तो मूळ ग्रीक शब्द आहे माणसांच्या सभेचा, बोलावून जमवलेल्या लोकांचा. म्हणजे अर्थाच्या बाजूने बघितलं तर आजींचं 'देऊळ' हे 'चर्च'च्या जास्त जवळ आहे, इगर्जीपेक्षा कितीतरी जवळ! कोणी ठरवून भाषांतर करायला बसलं असतं तरी याहून नेमका शब्द सापडला नसता.

इगर्जी चूक नाही, पण ती मुख्यतः गोव्याकडची, कोकणीत 'इगर्ज'. गिरगाव, धोबीतलाव, माझगाव भागात जे गोंयकार येऊन राहिले त्यांच्या तोंडी ती ऐकू येते. पण वांद्रे, गोराई, उत्तन, वसई इथले जे मूळचे, शेती आणि मासेमारी करणारे, ज्यांची घरची बोली मराठीचीच, त्यांच्यात देऊळ. म्हणून मला तर हा शब्द ऐकला की बोलणारा माणूस कुठला ते बऱ्यापैकी कळतं.

हे असं का झालं त्याला थोडा इतिहास बघावा लागतो. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि आजूबाजूचा मुलूख पोर्तुगीजांना दिला आणि त्यांच्या मागोमाग मिशनरी आले, आधी फ्रान्सिस्कन, मग जेझुइट, हे दोन्ही कॅथलिक पाद्र्यांचे संघ. साष्टी बेटात, म्हणजे आजच्या मुंबई उपनगरांच्या भागात, मोठा भाग असा वाटला गेला की उत्तरेला फ्रान्सिस्कन आणि वांद्र्याच्या बाजूला जेझुइट. वांद्र्याचं सेंट अँड्र्यूज १५७५ चं, अंधेरीत आज सीप्झ या औद्योगिक वसाहतीच्या आत पडक्या अवस्थेत असलेलं सेंट जॉन द बॅप्टिस्ट १५७९ चं, दादरचं साल्व्हेशन १५९६ चं. हे पाद्री पोर्तुगीज बोलणारे, पण ज्यांना बाप्तिस्मा दिला ते कोळी, कुणबी, भंडारी, त्यांची भाषा काही बदलली नाही. पाखाडी पाखाडीची (वाडी-वाडीची) वस्ती तीच, बोली तीच, देवाच्या घराला तोंडात शब्द आधीपासून होता, तोच नव्या घराला लागला, असं मला वाटतं. इंग्रजांनी साष्टी मराठ्यांकडून घेतली १७७४ मध्ये, त्यामुळे या गावांपुरतं बोलायचं तर तीन शब्दांत 'चर्च' हाच सगळ्यात नवा पाहुणा.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर चित्र अर्धवट राहील. बोरिवलीची मंडपेश्वर गुंफा बघून या. ते मुळात शंकराचं कोरीव देऊळ, सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन पाद्री अंतोनियो दो पोर्तो यांच्या काळात त्याचं चर्च झालं, वर मठ बांधला गेला, आत एका भिंतीवर मोठा क्रूस कोरलाय तो अजून दिसतो. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तिथल्या चर्चच्या घंटा मराठा सरदारांनी नेल्या आणि देवळांना वाहिल्या, नाशिकची नारोशंकराची घंटा त्यातलीच. म्हणजे देवळाचं चर्च झालं आणि चर्चची घंटा देवळात गेली, हे सगळं जबरदस्तीने आणि लढाईत झालं, त्यात कौतुक करण्यासारखं काही नाही. पण 'देऊळ' हा शब्द मात्र असा कोणी कोणाकडून जिंकून नेलेला नाही, तो आपापल्या घरात दोन्हीकडे राहिला, म्हणून मला त्याचं फार महत्त्व वाटतं.

बाकीच्या शब्दांचं पटकन सांगतो. 'पाद्री' पोर्तुगीज 'पाद्रे', म्हणजे बाप, आणि हा शब्द आपल्या 'पितृ'चाच लांबचा भाऊ. मुंबईत कॅथलिक लोक समोरासमोर 'फादर' म्हणतात, तुम्हीही तेच म्हणा, पाद्री जरा परकं वाटतं. पॅरिशला, म्हणजे एका चर्चखालच्या भागाला, वसईकडे 'धर्मग्राम' म्हणतात, काय सुंदर शब्द आहे, शहरात तो वापरात यायला हवा. मिस्सा (चर्चमधली मुख्य प्रार्थना) पोर्तुगीज, क्रूस पोर्तुगीज, आणि आपण सगळेच जे 'नाताळ' म्हणतो तेही पोर्तुगीजच. सांताक्रूझ म्हणजे पवित्र क्रूस, लोकलमध्ये रोज ऐकतो पण लक्षात येत नाही. आणि दादरचं 'पोर्तुगीज चर्च' म्हणजे वर म्हटलं ते साल्व्हेशन, आजची इमारत वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांच्या आराखड्यावर १९७० च्या दशकात बांधलेली, तिच्यात पोर्तुगीज काही उरलं नाही, पण बस स्टॉपपासून टॅक्सीवाल्यापर्यंत नाव तेच.

आता मोत माउली. कोळ्यांची कथा अशी की एका कोळ्याला स्वप्न पडलं आणि मग समुद्रात मूर्ती सापडली, समुद्रातून आली म्हणून मोती, म्हणून मोत. कथा गोड आहे आणि ती सांगणाऱ्यांची श्रद्धा खरी आहे. पण शब्दापुरतं विचाराल तर मी 'मोंत'च्या बाजूने आहे. पोर्तुगीजमध्ये या मातेचं नाव 'नोस्सा सेन्योरा दो मोंत', मोंत म्हणजे डोंगर, डोंगरावरची आमची माता. इंग्रजीत तेच माउंट मेरी झालं. मोंतचा अनुस्वार बोलताना गळला, मोत उरलं, आणि 'माउली' तर थेट वारकऱ्यांच्या तोंडची. आठ सप्टेंबरनंतरच्या रविवारी जत्रा सुरू होते तेव्हा मेणाचे हात, पाय, घरं घेऊन चढणाऱ्यांत कितीतरी हिंदू बायका असतात, त्यांना विचारा कुठे निघालात, 'माउलीला' एवढंच म्हणतात.

तेव्हा ताई, मैत्रिणीच्या आजींना काही दुरुस्त करायला जाऊ नका. उलट त्यांच्याकडून अजून शब्द लिहून घ्या, लग्नातले, शेतीतले, मासळीचे, आणि जमलं तर इथे पाठवा.