जुन्या गाडीचं इंजिन बदलावं की गाडीच काढून टाकावी?

तुम्ही लिहिलंय की गाडी १३ वर्षांची आहे, पेट्रोलवरची, १ लाख ७० हजार किलोमीटर झालेत. ऑइल खाते, चढावर दम धरत नाही. मेकॅनिक म्हणतोय इंजिनच बदला, आणि त्याने सांगितलेला खर्च जवळपास गाडीच्या आजच्या किमतीएवढा आहे. बदलावं की विकावी?

मी इंजिनाच्या कामातच आहे. खर्च गाडीच्या किमतीएवढा आहे, एवढ्याच कारणासाठी नाही म्हणू नका. आणि मेकॅनिक म्हणाला म्हणून लगेच होही म्हणू नका. हा निर्णय बहुतेक वेळा इंजिनावर ठरत नाही, बाकीची गाडी कशी आहे त्यावर ठरतो.

पण आधी इंजिन खरंच गेलंय का, हे पक्कं करून घ्या. ऑइल खाणं म्हणजे रिंगा (पिस्टनभोवतीच्या कड्या) गेल्या असं दरवेळी नसतं. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी चालू केल्यावर निळा धूर येतो आणि मग थांबतो, तर बहुधा व्हॉल्व्ह सील (व्हॉल्व्हपाशी ऑइल अडवणारे रबर) कडक झालेले असतात. क्रँककेसमधली (इंजिनाच्या खालच्या भागातली) वाफ बाहेर काढणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह तुंबला तरी गाडी ऑइल पिते, आणि तो बदलणं अगदी किरकोळ काम आहे. चढावर दम न धरण्याचं कारण तुंबलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा एक्झॉस्टमधला डबा) किंवा कमजोर फ्युएल पंपही असू शकतो. आणि ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसला म्हणून कोणी हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्या मधलं पॅकिंग) गेल्याचं सांगितलं, तर डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ आहे का ते बघा. थंडीत छोट्या छोट्या फेऱ्या मारल्या की झाकणाखाली असा थर तसाही जमतो.

खरी परीक्षा कॉम्प्रेशन टेस्टची, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब तयार करतो ते मोजण्याची. इंजिन गरम, बॅटरी पूर्ण चार्ज, सगळे स्पार्क प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा, फ्युएल आणि इग्निशन बंद. मग एकेका सिलिंडरला गेज लावून सेल्फ मारायचा. चांगल्या स्थितीतलं पेट्रोल इंजिन साधारण १० ते १३ बार दाखवतं. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल. त्या आकड्याइतकाच सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा असतो. तो १०-१५ टक्क्यांच्या पुढे गेला की काहीतरी बिघडलंय. समजा तीन सिलिंडर ११ दाखवतायत आणि एक ७. त्या एकात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा बघायचं. आकडा चढला तर रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजलाय, कारण ऑइलने फट तात्पुरती भरली. तसाच राहिला तर गळती वर आहे, व्हॉल्व्हमध्ये किंवा गॅस्केटमध्ये. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी दाखवत असतील, तर दोघांच्या मधलं गॅस्केट जळल्याची शक्यता फार मोठी. (वाचणाऱ्यांपैकी कोणाची डिझेल गाडी असेल तर ही ऑइल घालून करायची चाचणी करू नका. तिथे ऑइल पेट घेऊ शकतं.)

हे सांगायचं कारण असं की बिघाड वर असेल तर हेड उतरवून काम होतं, पूर्ण इंजिन लागत नाही. क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या) बेअरिंगचा खालून ठोका येत असेल, ऑइल प्रेशर मेकॅनिकल गेजवरही कमी भरत असेल किंवा ब्लॉकला तडा असेल, तेव्हा इंजिन बदलण्याची किंवा पूर्ण बांधण्याची भाषा योग्य आहे. चारही सिलिंडरांचे आकडे मेकॅनिककडून कागदावर लिहून मागा. टेस्ट न करताच तो इंजिन बदला म्हणत असेल, तर दुसऱ्या गॅरेजला दाखवा.

आता बाकीची गाडी. ती लिफ्टवर चढवा आणि खालून बघा. दारांखालच्या पट्ट्या, चासीचे मुख्य भाग, सस्पेन्शन जिथे बोल्ट होतं त्या जागा. तिथे स्क्रूड्रायव्हर टोचल्यावर पत्रा आत दबला, तर इंजिनावर पैसे घालू नका. इंजिन बदलता येतं, गंजलेला सांगाडा परवडेल अशा खर्चात सहसा नीट होत नाही. दुसरं, गिअरबॉक्स. तो घसरत असेल किंवा आवाज करत असेल, तर नव्या इंजिनानंतर वर्षभरात दुसरं मोठं बिल ठरलेलं. बॉडी आणि गिअरबॉक्स दोन्ही ठणठणीत असतील, तर माझा कल स्पष्टपणे गाडी ठेवण्याकडे असतो.

पैशांचं गणित करताना इंजिनाचा खर्च आणि गाडीची किंमत शेजारी मांडू नका. गाडी आज आहे तशी विकली तर काय मिळेल ते बघा, त्यात इंजिनाचा खर्च मिळवा. तेवढ्या रकमेत दुसरी कोणती चालती गाडी मिळते? तीही जुनीच असणार, आणि तिचा इतिहास तुम्हाला माहीत नसणार. तुमच्या गाडीचे ब्रेक कधी केले, अपघात झाला का, हे तुम्हाला ठाऊक आहे, आणि या माहितीला खरोखर किंमत आहे. मात्र वर्षभरातच विकायची असेल तर इंजिन बदलू नका. घातलेले पैसे विक्रीत परत येत नाहीत. निदान तीन-चार वर्षं वापरणार असाल तरच या खर्चाला अर्थ आहे.

बदलायचं ठरलं तर जुनं इंजिन कशाने गेलं हे आधी शोधा. आमच्याकडे एक गाडी आली होती, दुसऱ्या गॅरेजमध्ये इंजिन नुकतंच बदललेलं आणि तरीही खालून ठोका. ऑइल कूलर उघडला तर आत पहिल्या इंजिनाच्या बेअरिंगचा बारीक चुरा चमकत होता. कूलर न बदलता तसाच नव्याला जोडला होता, आणि त्या चुऱ्याने नव्या इंजिनाचीही बेअरिंगं खाल्ली. मालकाला दोनदा पैसे मोजावे लागले, याचं मला आजही वाईट वाटतं. जुनं इंजिन तापून गेलं असेल तर रेडिएटर आणि पंख्याचंही तसंच आहे.

वापरलेलं इंजिन घेणार असाल तर बसवण्याआधी त्याचीही कॉम्प्रेशन टेस्ट करायला लावा आणि इंजिन कोड आपल्या गाडीशी जुळतोय याची खात्री करा. एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक सेन्सर आणि वायरिंग बदलतं. तुमचंच इंजिन चांगल्या मशीन शॉपमध्ये सिलिंडर बोअर करून आणि क्रँक घासून बांधून घेणं महाग पडतं, वेळही लागतो, पण आत काय टाकलंय हे तुमच्यासमोर असतं. ब्लॉक धड असेल तर मी हेच सुचवीन.

इंजिन बाहेर असतानाच क्लच प्लेट, मागचं क्रँक सील, वॉटर पंप, थर्मोस्टॅट आणि बेल्ट असेल तर टायमिंग बेल्ट बदलून घ्या. नंतर यातल्या बऱ्याच कामांत सुट्या भागापेक्षा खोलण्याची मजुरीच जास्त होते. वॉरंटी फक्त इंजिनाची की मजुरीचीही, हे बिलावर लिहून घ्या. नोंदणीच्या कागदावर इंजिन नंबर असेल तर तोही बदलून घ्यावा लागेल. बांधलेल्या इंजिनाचं पहिलं ऑइल लवकर, साधारण १,००० किलोमीटरच्या आतच बदला, आणि तोवर गाडी जड ओझ्याने किंवा एकाच वेगात तासन् तास पळवू नका.