स्पेनमधलं गोल्फ रिसॉर्ट: घर घेण्याआधीची फेरी

स्पेनच्या भूमध्य किनाऱ्यावर, मुख्यतः मुर्सिया आणि कोस्ता देल सोल भागात, गोल्फ रिसॉर्टमध्ये सुट्टीचं घर घेऊ पाहणाऱ्यांची पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. बहुतेकांनी घर मनात पक्कं केलंय, फक्त ‘एकदा जाऊन यायचं’ राहिलंय. फेरी अशी शिक्कामोर्तबापुरती उरली, की तिचा उपयोग फक्त विकणाऱ्याला होतो.

विक्री कंपनी विमानाचं तिकीट आणि तीन रात्रींचं राहणं देते आहे. घर घेतलं तर तो खर्च माफ. जावं का?

जा, पण ती त्यांची फेरी आहे हे विसरू नका. विमानतळावर गाडी उभी असते, वाटेत समुद्र दाखवतात, मग सजवलेलं नमुना घर, क्लबच्या गच्चीवर जेवण, आणि शेवटच्या दुपारी वातानुकूलित खोलीत कळतं की या रांगेत दोनच घरं उरली आहेत. मधल्या वेळात तुम्ही एकटे सापडू नये अशीच आखणी असते. शेजारच्या रिसॉर्टमध्ये तेवढंच घर कितीला मिळतं, हे विचारायला फुरसत मिळत नाही, आणि तिथे जुनी, पुनर्विक्रीची घरं बरेचदा स्वस्त असतात.

म्हणून त्यांचे तीन दिवस संपले की आणखी तीन-चार दिवस स्वतःच्या खर्चाने राहा. शक्यतो त्याच रिसॉर्टमध्ये एखाद्या मालकाचं घर भाड्याने घ्या आणि गाडी स्वतः चालवा. ‘विमानतळ वीस मिनिटांवर’ हे घड्याळ लावून पाहा. आणि ‘नवा विमानतळ होतोय’ असं कोणी सांगितलं तर इतिहास आठवा: मुर्सियाचा कोर्वेरा विमानतळ बांधून तयार असूनही वर्षानुवर्षं बंद होता, तो जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला. कास्तेयॉनच्या विमानतळाचं उद्घाटन मार्च २०११ मध्ये झालं आणि पहिलं नियमित प्रवासी विमान सप्टेंबर २०१५ मध्ये उतरलं.

त्या खोलीत सही मात्र करू नका. घर राखून ठेवण्यासाठी काही हजार युरो मागतात आणि ‘परत मिळतील’ असं तोंडी सांगतात. ते कोणत्या परिस्थितीत परत मिळतील हे कागदावर नसेल, तर मिळणार नाहीत असंच धरा. त्यापुढचा टप्पा इसाराचा, तिकडे त्याला आरास म्हणतात. स्पॅनिश दिवाणी संहितेच्या कलम १४५४ नुसार घेणारा मागे फिरला तर इसार बुडतो आणि विकणारा फिरला तर त्याला दुप्पट परत द्यावा लागतो. मात्र इसार त्या प्रकारचा आहे हे करारात स्पष्ट लिहिलेलं हवं.

कोणत्या महिन्यात जावं? आम्हाला ऑगस्टमध्येच सुट्टी असते.

ऑगस्टमध्ये पोहण्याचे तलाव भरलेले, मुलं ओरडतायत, सगळी दुकानं उघडी. हे चित्र खोटं नाही, पण वर्षाच्या सहा आठवड्यांचं आहे. या भागात गोल्फ खेळायला लोक येतात ते ऑक्टोबर ते मे, कारण मुर्सियाच्या उन्हाळ्यात दुपारी मैदानावर उभं राहवत नाही. म्हणजे खेळणारे आणि पोहणारे वेगवेगळ्या वेळी येतात, आणि त्या आठ महिन्यांतही थंडीचे काही आठवडे जवळजवळ रिकामे जातात.

तेव्हाच जा. नोव्हेंबरचा एखादा मंगळवार किंवा जानेवारीचा तिसरा आठवडा. रात्री आठनंतर चालत फिरा आणि किती खिडक्यांत दिवा आहे ते मोजा. दिवसा किती घरांच्या खिडक्यांवरच्या झडपा खाली ओढलेल्या आहेत ते पाहा. क्लबचं उपाहारगृह उघडं आहे का, किराणा कुठे मिळतो, फाटकावर पहारेकरी आहे की नुसती कॅमेऱ्याची पाटी, हेही पाहा. भिंतीच्या खालच्या कडेला ओल आणि रंगाचे पापुद्रे हिवाळ्यातच दिसतात. ही घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली असतात आणि थंडीत आत बाहेरपेक्षा जास्त गारठतात. ऑगस्टशिवाय जमतच नसेल, तर घर घेण्याआधी हिवाळ्यात घरातल्या एकाला तरी पाठवा.

आम्ही गोल्फ खेळत नाही. समोर हिरवळ दिसते म्हणून फेअरवेलगतचं (खेळाच्या लांब हिरव्या पट्ट्यालगतचं) घर पसंत केलंय, त्यासाठी जास्त किंमतही सांगितली आहे. योग्य आहे का?

आधी टीवर, म्हणजे पहिला फटका मारतात तिथे, उभे राहा आणि तिथून आपलं घर कुठे येतं ते पाहा. बहुतेक खेळाडू उजव्या हाताचे असतात आणि हौशी माणसाचा चुकलेला फटका बहुधा उजवीकडे वळतो. त्यामुळे टीपासून साधारण १८० ते २२० मीटरवर, फेअरवेच्या उजव्या अंगाला असलेल्या घराच्या अंगणात चेंडू येत राहणार. शेजारच्या घरांना जाळी लावलेली आहे का, काचेला किंवा कौलाला तडे गेलेत का, बागेत चेंडू सापडतात का, हे पाहिलं तरी उत्तर मिळतं. ग्रीनजवळच्या, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक गवताजवळच्या, घराला चेंडूचा त्रास कमी, पण गवत कापायचं यंत्र पहाटे तिथूनच सुरू होतं. एक रात्र त्या बाजूला झोपा.

दुसरी गोष्ट मालकीची. मैदान सहसा घरमालकांचं नसतं. ते बहुधा वेगळ्या कंपनीचं असतं. घर घेतलं म्हणून खेळायला सवलत मिळेलच असं नाही, आणि ती कंपनी तोट्यात गेली तर मैदान सुकू लागतं आणि तुमची ‘हिरवळ’ तपकिरी होते. २००८ नंतर तिथला बांधकाम व्यवसाय कोसळला तेव्हा घरं उभी आणि मैदान अर्धवट, अशी रिसॉर्टं लोकांनी पाहिली आहेत. म्हणून विचारा: मैदान कोणाचं, चालवतं कोण, आणि नगरपालिकेच्या आराखड्यात त्या जमिनीचा वापर काय दाखवलाय. हे शेवटचं उत्तर विक्रेत्याकडून नको, आयुंतामिएन्तो म्हणजे नगरपालिकेच्या नगररचना खिडकीवरून आणा. मोकळ्या दिसणाऱ्या शेजारच्या माळावर पुढचा टप्पा मंजूर असेल तर तोही तिथेच कळेल.

तिसरी पाण्याची. अठरा भोकांचं मैदान पन्नास-साठ हेक्टर जागा घेतं आणि मुर्सियात वर्षाला सुमारे ३०० मिलिमीटर पाऊस पडतो. या कोरड्या प्रदेशाला १९७९ पासून ताखो नदीचं पाणी कालव्याने येतं आणि त्यावरून राज्याराज्यांत भांडण कायमचं आहे. मैदानाला प्रक्रिया केलेलं सांडपाणी मिळत असेल तर ती चांगली खूण. फक्त संध्याकाळी वाऱ्याच्या दिशेला उभं राहून वास घ्या. रिसॉर्ट मार मेनोर या खारकच्छाजवळ (समुद्रालगतच्या खाऱ्या सरोवराजवळ) असेल तर पाण्यापर्यंत चालत जा. आसपासच्या शेतांतल्या खतांनी २०१६ मध्ये ते पाणी हिरवं झालं होतं, ऑक्टोबर २०१९ आणि ऑगस्ट २०२१ मध्ये मेलेले मासे किनाऱ्याला लागले. २०२२ मध्ये कायद्याने त्या जलाशयाला स्वतःचं कायदेशीर व्यक्तिमत्त्व दिलं गेलं, इतकं प्रकरण गंभीर झालं. माहितीपत्रकात मात्र तो निळाच असतो.

एवढं सगळं ठीक निघालं, तरी न खेळणाऱ्याने फेअरवेसाठी जादा किंमत द्यावी असं मला वाटत नाही. दुसऱ्या रांगेत, थोड्या उंचीवरचं घर घ्या. दृश्य तेच, चेंडू नाहीत.

इमारत अजून बांधायची आहे. जागेवर जाऊन पाहायचं तरी काय?

जागेपेक्षा कागद. बांधकाम परवाना आहे का, आणि भरलेल्या पैशांना बँकेची हमी किंवा विमा आहे का, हे दोन प्रश्न. ही हमी १९६८ च्या कायद्यापासून सक्तीची आहे. जानेवारी २०१६ पासून तिचे नियम २०१५ च्या कायद्याने बदलले. हमीपत्र तुमच्या नावाचं, तुमच्या रकमेचं हवं. ‘आमची बँकेशी व्यवस्था आहे’ हे वाक्य म्हणजे हमी नव्हे. खरेदीदारांचे असे पैसे बिल्डरच्या खात्यात हमीविना स्वीकारणाऱ्या बँकेलाही जबाबदार धरता येतं, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये ठरवलं, पण न्यायालयापर्यंत जायची वेळ का आणायची? आणि लक्षात घ्या, हमी तुमच्या घराची असते. आराखड्यात काढलेल्या क्लबची, हॉटेलची किंवा मैदानाची नव्हे.

पाहण्यासारखी खरी जागा म्हणजे त्याच बिल्डरचा आठ-दहा वर्षं जुना प्रकल्प. तिथल्या रहिवाशांना विचारा की ताबा ठरल्या तारखेला मिळाला का, आणि पहिल्या वापराचा परवाना म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र केव्हा आलं. तो नसेल तर वीज-पाण्याची कायम जोडणी अडते. बांधकाम परवान्यालाही हलकं घेऊ नका: आल्मेरिया प्रांतातल्या बेरा गावात तो रद्द ठरल्याने एका परदेशी जोडप्याचं राहतं घर जानेवारी २००८ मध्ये पाडण्यात आलं.

दरवर्षी किती खर्च येईल हे तिथे कोणाला विचारावं?

विक्रेत्याला नाही. घरमालक संघाच्या व्यवस्थापकाला भेटा आणि मागच्या दोन-तीन वार्षिक सभांची इतिवृत्तं मागा. थकबाकीदार किती, गळका तलाव कधी दुरुस्त होणार, कोणाचं कोणाशी भांडण आहे, सगळं त्यात सापडतं. गोल्फ रिसॉर्टमध्ये देखभालीच्या दोन वर्गण्या असू शकतात, एक इमारतीची आणि दुसरी रस्ते, दिवे, बागा, पहारा यांची. सांगताना एकच सांगतात. जुनं घर घेत असाल तर संघाकडून थकबाकी नसल्याचा दाखला घ्या, कारण चालू वर्षाची आणि आधीच्या तीन वर्षांची थकबाकी घराबरोबर तुमच्याकडे येते.

वर घरपट्टी आहेच. शिवाय घर भाड्याने दिलं नाही तरी अनिवासी मालकाच्या नावे काल्पनिक उत्पन्न धरतात, सरकारी मूल्यांकनाच्या १.१ किंवा २ टक्के. त्यावर युरोपीय संघातल्या रहिवाशांना १९ टक्के आणि इतर बहुतेकांना २४ टक्के कर आहे.

पाच वर्षं भाड्याची हमी देतायत. मग घर स्वतःचा खर्च स्वतःच भागवेल ना?

ती रक्कम बहुतेक वेळा किमतीत आधीच मिसळलेली असते, म्हणजे तुमचेच पैसे हप्त्याने परत. हमी देणारी कंपनी कोण, तिच्या मागे बँक आहे का, आणि त्या काळात तुम्हाला स्वतः किती आठवडे राहता येईल, हे पाहा. पुढे स्वतः पर्यटकांना द्यायचं म्हटलं, तर ३ एप्रिल २०२५ पासून नव्याने सुरुवात करणाऱ्याला घरमालक संघाची तीन पंचमांश बहुमताने मंजुरी लागते. त्याच तारखेपासून घरखरेदीवर मिळणारा ‘गोल्डन व्हिसा’ हा निवासपरवानाही बंद झाला आहे, त्यामुळे युरोपीय संघाबाहेरच्या नागरिकाला निवासपरवाना नसेल तर स्वतःच्या घरातसुद्धा १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं.

वकील विक्री कंपनीनेच सुचवला आहे. इंग्रजी छान बोलतो.

दुसरा शोधा, आणि फेरीआधी शोधा. सही ज्याच्यासमोर होते तो नोटरी तटस्थ असतो, तुमच्या बाजूने भांडत नाही. स्वतंत्र वकिलाला निघण्यापूर्वीच मालमत्ता नोंदणी कार्यालयातून ‘नोता सिंप्ले’ काढायला सांगा. मालक कोण आणि घरावर कर्ज किंवा जप्ती आहे का, हे त्या उताऱ्यात असतं. खर्च किरकोळ आहे. उताऱ्यात दुसऱ्याच कंपनीचं नाव निघालं, तर फुकटचं तिकीट मिळत असलं तरी जाण्याचे कष्ट घेऊ नका.