थेट प्रक्षेपण आणि प्रेक्षकांची गर्दी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : आमची संस्था दरमहा एका व्याख्यानाचे थेट प्रक्षेपण करते. सर्व्हरची जोडणी १ गिगाबिटची आहे आणि प्रक्षेपणाचा बिटरेट, म्हणजे एका प्रेक्षकाला दर सेकंदाला पाठवावी लागणारी माहिती, ३ मेगाबिट. अडीचशे प्रेक्षकांपर्यंत सारे सुरळीत चालते. ३०० च्या पुढे गेले की सर्वांचेच चित्र अडखळू लागते. पुढच्या कार्यक्रमाला २०,००० प्रेक्षक अपेक्षित आहेत. अधिक ताकदीचा सर्व्हर घेतल्याने भागेल का?

उत्तर : भागणार नाही, आणि त्याचे कारण आपण दिलेल्या आकड्यांतच आहे. १ गिगाबिट म्हणजे १,००० मेगाबिट. त्याला ३ ने भागल्यास ३३३ येतात. प्रोसेसर आणि मेमरी कितीही वाढवली तरी बाहेर जाणारी वाट तेवढीच राहते. त्यातून ३३४ वा प्रेक्षक आला की केवळ त्यालाच नकार मिळतो असे होत नाही. तो बाकीच्यांच्या वाट्यातून आपला वाटा घेतो आणि म्हणून सर्वांचेच चित्र एकदम अडखळते. २०,००० प्रेक्षकांसाठी ६० गिगाबिट लागतील. एवढा भार एका ठिकाणाहून वाहून नेण्याचा विचार सोडून तो वाटून देण्याचा विचार केला पाहिजे.

एचटीटीपीवर, म्हणजे वेबपाने पाठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीवर, आधारलेल्या प्रक्षेपणाचे सामर्थ्य नेमके येथे दिसते. एन्कोडरमधून, म्हणजे कॅमेऱ्याचे चित्र पाठवण्याजोगे आटोपशीर करणाऱ्या साधनातून, निघणाऱ्या अखंड चित्रप्रवाहाचे काही सेकंदांचे तुकडे केले जातात, प्रत्येक तुकडा एक साधी फाइल म्हणून सर्व्हरवर ठेवला जातो, आणि कोणता तुकडा कोणानंतर दाखवायचा हे सांगणारी एक छोटी मजकूर फाइल, म्हणजे प्लेलिस्ट, दर काही सेकंदांनी नव्याने लिहिली जाते. आपल्या बिटरेटला ६ सेकंदांचा तुकडा सुमारे सव्वादोन मेगाबाइटचा होईल. संकेतस्थळावरील छायाचित्र आणि हा तुकडा यांत सर्व्हरच्या दृष्टीने काहीच फरक नसतो, त्यामुळे छायाचित्रे साठवून ठेवणारे कॅशे सर्व्हर हे तुकडेही तितक्याच सहजपणे साठवतात. सीडीएन म्हणजे अशा कॅशे सर्व्हरांचे ठिकठिकाणी पसरलेले जाळे. आपल्या मूळ सर्व्हरने प्रत्येक तुकडा या जाळ्याला मोजक्या वेळा दिला की पुढील हजारो प्रती जाळेच पुरवते.

यापूर्वीच्या पद्धतींत सर्व्हर प्रत्येक प्रेक्षकाशी एक जोडणी कायम उघडी ठेवत असे आणि कोण कुठपर्यंत पाहत आला आहे याची आठवणही त्यालाच ठेवावी लागे. अ‍ॅपलने २००९ मध्ये आणलेली एचएलएस पद्धत आणि २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून प्रसिद्ध झालेली डॅश पद्धत या दोन्हींत आठवण ठेवण्याचे काम प्रेक्षकाच्या प्लेअरकडे आले. सर्व्हरने फक्त मागितलेली फाइल द्यायची. जबाबदारीची ही अदलाबदल मला या साऱ्या विषयातील सर्वांत मोलाची कल्पना वाटते, कारण पुढचे सर्व फायदे आणि सर्व अडचणी तिच्यातूनच निघतात.

प्रश्न : आम्ही सीडीएन घेतले, तरीही कार्यक्रम सुरू झाल्यावर दहा मिनिटांत मूळ सर्व्हर कोलमडला. लॉगिन केल्यानंतर प्रत्येक प्रेक्षकाला स्वतंत्र टोकन, म्हणजे परवानगीची खूण असलेला संकेत, मिळतो आणि तो प्रत्येक तुकड्याच्या दुव्याच्या शेवटी जोडला जातो. याचा काही संबंध असेल का?

उत्तर : संबंध आहे, आणि माझ्या मते दोषाचे मूळ तेथेच आहे. कॅशे सर्व्हर फाइल ओळखतो ती तिच्या पूर्ण दुव्यावरून. दुव्याच्या शेवटी प्रत्येकाचा टोकन वेगळा असेल, तर १०४५ क्रमांकाचा एकच तुकडा त्याला ५,००० प्रेक्षकांसाठी ५,००० निरनिराळ्या फाइली वाटतो आणि प्रत्येकीसाठी तो मूळ सर्व्हरकडे धाव घेतो. जाळे उभे असते, त्याचे बिलही येते, पण ते काम मात्र काहीच करत नाही. एका प्रक्षेपणात मी स्वतः हा प्रसंग अनुभवला आहे. आम्ही लॉग उघडले तेव्हा एकाच तुकड्याचे नाव ओळीमागून ओळ येत होते, नावामागे प्रत्येक ओळीत वेगळे शेपूट होते आणि कॅशेच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत ‘मिस’, म्हणजे फाइल कॅशेमध्ये सापडली नाही, हा एकच शब्द होता. तालमीत हे लक्षात आले नव्हते, कारण तालमीला आम्ही सहाजण होतो आणि सहाजणांचा भार मूळ सर्व्हरने सहज उचलला होता.

उपाय अवघड नाही. टोकनची तपासणी एज सर्व्हरवरच, म्हणजे प्रेक्षकाजवळच्या कॅशे सर्व्हरवरच, करून घ्यावी आणि कॅशेसाठी फाइल ओळखताना टोकन वगळण्याची सूचना सीडीएनला द्यावी. यांतील दुसरी गोष्ट करून पहिली विसरलात, तर टोकन नसलेल्यांनाही तुकडे मिळू लागतील, म्हणून दोन्ही एकत्रच कराव्यात.

त्याच वेळी आणखी तीन गोष्टी तपासून घ्याव्यात. पहिली म्हणजे कॅशेची मुदत. एकदा तयार झालेला तुकडा पुन्हा बदलत नाही, त्यामुळे तो दीर्घकाळ साठवला तरी चालतो. प्लेलिस्ट मात्र दर तुकड्यागणिक बदलते आणि तिची मुदत एकदोन सेकंदांपेक्षा जास्त असता कामा नये. तुकड्यांची मुदत चुकून प्लेलिस्टलाही लागली, तर सर्व प्रेक्षकांना तीच जुनी यादी मिळत राहते आणि मूळ सर्व्हर ठणठणीत असूनही चित्र गोठते. दुसरी गोष्ट अशी की, नवा तुकडा तयार झाल्याक्षणी एकाच एज सर्व्हरकडे हजारो मागण्या जवळजवळ एकाच वेळी येतात आणि तेव्हा तो तुकडा त्याच्याकडे नसतो. अशा वेळी मूळ सर्व्हरकडे एकच मागणी पाठवून बाकीच्यांना क्षणभर थांबवून ठेवण्याची सोय चालू असली पाहिजे. ती आपोआप चालू असेल असे गृहीत धरू नये. तिसरी गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. एखाद्या प्लेअरने तुकडा तयार होण्याच्या किंचित आधी मागितला, तर मूळ सर्व्हर ‘फाइल नाही’ असे उत्तर देतो, आणि हे नकाराचे उत्तरही कॅशेमध्ये साठवले जाऊ शकते. ते दहा सेकंद साठवले गेले, तर त्या एज सर्व्हरवरील प्रत्येकाला दहा सेकंद नकारच मिळतो. डॅशमध्ये प्लेअर पुढच्या तुकड्याची वेळ स्वतःच्या घड्याळावरून काढतो, म्हणून ज्याचे घड्याळ पुढे आहे असा एकच प्रेक्षक इतर सर्वांची अडचण करू शकतो. नकाराची मुदत एका सेकंदावर आणावी किंवा नकार साठवणेच पूर्णपणे बंद करावे.

प्रश्न : ‘थेट’ म्हणवणारे चित्र प्रत्यक्षापेक्षा अर्धा मिनिट मागे का असते? हा विलंब शून्यावर आणता येईल का?

उत्तर : तुकडा पूर्ण झाल्याशिवाय तो यादीत येत नाही, म्हणजे ६ सेकंदांच्या तुकड्यात पहिले दृश्य ६ सेकंद जुने होऊनच बाहेर पडते. त्यानंतर प्लेअर थोडा साठा हाताशी ठेवतो. एचएलएसचा तपशील २०१७ मध्ये आरएफसी ८२१६ म्हणून प्रसिद्ध झाला. त्यानुसार प्लेअरने यादीच्या शेवटापासून किमान तीन तुकड्यांच्या लांबीइतके मागे राहून सुरुवात करावी. म्हणजे १८ सेकंद येथेच गेले. एन्कोडिंग, अपलोड आणि प्लेलिस्टचे कॅशे यांचे काही सेकंद त्यात मिळवले की आपला अर्धा मिनिट जवळपास पुरा होतो.

तुकडे २ सेकंदांचे केले तर हाच हिशेब दहा सेकंदांच्या आसपास येतो. मात्र मागण्यांची संख्या तिप्पट होते आणि नेटवर्कच्या हेलकाव्यांना तोंड देण्यासाठी हाताशी असलेला साठाही तितकाच आटतो. अ‍ॅपलने २०१९ मध्ये जाहीर केलेल्या कमी विलंबाच्या एचएलएसमध्ये तुकडा पूर्ण होण्याची वाट न पाहता त्याचे लहान अंश यादीत घातले जातात, आणि प्लेअरने पुढची यादी आगाऊ मागितली तर ती तयार होईपर्यंत सर्व्हर उत्तर रोखून धरतो. अशा मार्गांनी विलंब काही मोजक्या सेकंदांवर येतो. वेबआरटीसी या ब्राउझरमधील थेट संवादाच्या पद्धतीने तो एका सेकंदाच्या आत आणता येतो, पण तेथे प्रत्येक प्रेक्षकाची स्वतंत्र, जिवंत जोडणी सांभाळावी लागते आणि साध्या कॅशेचा आधार सुटतो. शून्य मात्र कोणालाही साधत नाही.

माझा स्पष्ट सल्ला असा की, प्रेक्षकांना वक्त्याशी संवाद साधायचा नसेल, तर विलंब कमी करण्याच्या मागे लागू नये. श्रोत्याला २५ सेकंदांचा विलंब जाणवतही नाही. दर पाच मिनिटांनी थांबणारे चित्र मात्र त्याला उठून जायला लावते.

प्रश्न : आमच्या एन्कोडरमध्ये आरटीएमपी हाच पर्याय आहे. मग आमचे प्रक्षेपण एचटीटीपीवरचे म्हणायचे की नाही?

उत्तर : म्हणायचे. आरटीएमपी ही अखंड चित्रप्रवाह पाठवण्याची जुनी पद्धत आहे. तो येथे फक्त एन्कोडरपासून मूळ सर्व्हरपर्यंतच्या एका टप्प्यासाठी वापरला जातो, आणि एकाच पाठवणाऱ्यासाठी तो अजूनही चांगले काम देतो. प्रेक्षकांच्या बाजूने मात्र फ्लॅश या ब्राउझरच्या जोड-सॉफ्टवेअरचा आधार २०२० अखेर संपल्यापासून ब्राउझरमध्ये त्याला जागा उरलेली नाही. सर्व्हर तो प्रवाह घेऊन त्याचे तुकडे करतो आणि पुढचा सर्व प्रवास एचटीटीपीनेच होतो.

प्रश्न : आम्ही चार दर्जांत प्रक्षेपण करतो. दर्जा बदलताना चित्र क्षणभर उडी मारते. दोष प्लेअरचा आहे का?

उत्तर : आधी एन्कोडर तपासावा. तुकडा उतरायला किती वेळ लागला आणि हाताशी साठा किती आहे, हे पाहून प्लेअर पुढचा तुकडा कोणत्या दर्जाचा मागायचा ते ठरवतो. ही अदलाबदल न जाणवण्यासाठी चारही दर्जांचे तुकडे अगदी त्याच फ्रेमवर तुटले पाहिजेत आणि प्रत्येक तुकड्याची सुरुवात की-फ्रेमने, म्हणजे आधीच्या चित्रांवर न विसंबणाऱ्या पूर्ण चित्राने, झाली पाहिजे. सेकंदाला २५ फ्रेम असतील आणि की-फ्रेम दर २ सेकंदांनी हवी असेल, तर अंतर ५० फ्रेम असे पक्के नेमून द्यावे. दृश्य बदलले की स्वतःहून की-फ्रेम घालण्याचा एन्कोडरचा पर्याय बंद करावा, कारण चारही दर्जांत ती एकाच जागी पडेल याची खात्री नसते. ६ सेकंदांचा तुकडा २ च्या पटीत बसतो. ५ सेकंदांचा बसत नाही, आणि अशा जुळणीत तुकड्यांची लांबी कमीजास्त होऊ लागते.

प्रश्न : मागील कार्यक्रमात सभागृहातील इंटरनेट दोन मिनिटे गेले. ते परत आल्यानंतरही प्रक्षेपण पंधरा मिनिटे सावरले नाही. असे का व्हावे?

उत्तर : त्या दोन मिनिटांत प्रेक्षक स्वस्थ बसले नव्हते. चित्र थांबल्यावर काहींनी पान पुन्हा उघडले, काहींनी पुन्हा लॉगिन केले, आणि प्लेअरही आपणहून फिरून फिरून मागणी करत राहिले. तुकड्यांचा भार सीडीएन उचलते, पण लॉगिन तपासणे आणि टोकन देणे ही कामे कॅशेतून होत नाहीत. ती आपल्याच सर्व्हरवर येतात, आणि ती करणारा सर्व्हर बहुधा सर्वांत लहान असतो. म्हणून पुन्हा प्रयत्न करताना प्लेअरने दर वेळी अधिक थांबावे आणि त्या थांबण्यात थोडा यादृच्छिक फरक असावा, जेणेकरून सर्वजण एकाच क्षणी येऊन धडकणार नाहीत. टोकनची मुदत कार्यक्रमाच्या लांबीपेक्षा मोठी असावी, म्हणजे पान पुन्हा उघडल्यावर नवे लॉगिन लागणार नाही. सभागृहातून दोन वेगळ्या पुरवठादारांच्या जोडण्यांवर दोन एन्कोडर चालवता आले तर उत्तमच. ते शक्य नसेल, तर प्रवाह तुटताच मूळ सर्व्हरने ‘प्रक्षेपण लवकरच पुन्हा सुरू होईल’ अशा स्थिर चित्राचे तुकडे यादीत घालत राहावे. यादी पुढे सरकत राहिली की प्लेअर शांत राहतात आणि खरे चित्र परत आल्यावर पुढच्याच तुकड्यापासून ते दाखवू लागतात. पुढच्या तालमीत भर कार्यक्रमाप्रमाणे एन्कोडरची केबल मुद्दाम काढून दोन मिनिटांनी परत जोडावी, आणि त्या वेळी लॉगिनच्या सर्व्हरवर कृत्रिम मागण्यांचा भारही सोडावा.