पुढचा पंतप्रधान कोण, या प्रश्नावर झोप घालवू नका

ब्रिटनमधल्या रेडिंगहून एका वाचक भगिनीने लिहिलंय: “नवरा आयटीत, स्किल्ड वर्कर व्हिसावर. इथले पंतप्रधान लोकांना नकोसे झालेत, ते कधी जाणार याच्या पैजा लागतात. पण त्यांच्या जागी जी नावं येतात ती ऐकून जास्तच धडकी भरते. नवरा रात्री दोन-दोनपर्यंत फोनवर तेच वाचत बसतो. नाशिकहून सासूबाई रोज म्हणतात, काही खरं नाही तिथलं, परत या. परवा दहा वर्षांच्या मुलीने विचारलं, आपल्याला हाकलून देणार का? काय सांगू तिला?”

ताई, आधी मुलीचं. “असं काही नसतं गं” म्हणून उडवून लावू नका, शाळेत तिच्या कानावर सगळं पडतंच. आपला व्हिसा अमुक महिन्यापर्यंत आहे, तोवर आपण इथेच राहणार, आणि पुढे काही बदललंच तर तुला सगळ्यात आधी आम्ही सांगू. एवढं पुरे. मुलांना तारीख कळली की ती बरीच शांत होतात.

आता नवऱ्याचं. तो नावं वाचतोय, आणि नावांवरून तुमच्या घरात काय होणार ते कळत नाही. २०२२ सालीच ब्रिटनने तीन पंतप्रधान पाहिले. जॉन्सन गेले, लिझ ट्रस आल्या, ४९ दिवसांत त्याही गेल्या, आणि ऐन दिवाळीत ऋषी सुनक आले. मधे सार्वत्रिक निवडणूक झालीच नाही, सगळा पक्षातला मामला. सुनक आले तेव्हा इथे नाशिकच्या कॉलेज रोडवरही लोक “आपला माणूस” म्हणून खूश होते. त्याच सुनकांच्या सरकारने एप्रिल २०२४ मध्ये स्किल्ड वर्करसाठीची वर्षाच्या पगाराची अट २६,२०० पौंडांवरून ३८,७०० वर नेली. मग सत्तांतर झालं, विरोधी पक्ष आला, आणि जुलै २०२५ मध्ये त्यांनी ती ४१,७०० केली. कायमच्या वास्तव्यासाठी पाचऐवजी दहा वर्षं थांबावं लागेल, हा प्रस्तावही याच नव्या सरकारच्या मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेतला. माणूस बदलला, पक्ष बदलला, तुमच्यासाठीची दिशा तीच राहिली. मग कोण येणार यावर रात्र जाळून हाती काय लागतं?

आमच्या लासलगावकडचा शेतकरी हे फार जुन्या अनुभवाने जाणतो. डिसेंबर २०२३ मध्ये दिल्लीने कांद्याची निर्यात एका फटक्यात बंद केली. चिडला, रस्त्यावर उतरला, सगळं केलं, पण घरी येऊन कांदा साठवायच्या चाळीत किती माल टिकेल आणि किती आज विकायचा, हा हिशेब त्याने चुकवला नाही.

तुमची चाळ म्हणजे कागद. ई-व्हिसाच्या खात्यात सध्याच्या पासपोर्टचा नंबर आहे का, पगार नव्या अटीत बसतो का हे नवऱ्याने कंपनीला स्पष्ट विचारलंय का, आणि देशाबाहेर राहिलेल्या दिवसांची नोंद आहे का. कुठल्याही बारा महिन्यांत १८० दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिलं तर कायमच्या वास्तव्याच्या अर्जाला अडचण येते. सासऱ्यांच्या साध्या आजारपणात लांबलेला मुक्कामही त्यात धरला जातो, हे लोक विसरतात; जिवावरचं दुखणं असेल तरच सूट मिळू शकते, तेव्हा त्याचे कागद जपून ठेवा. नियमांची बातमी वाचायची तर सरकारी संकेतस्थळावर, आठवड्यातून एकदा, दिवसा. फोन रात्री स्वयंपाकघरात ठेवा.

तरीही झोप येत नसेल, आठवडेच्या आठवडे, तर इंग्लंडमध्ये एनएचएसच्या, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या, टॉकिंग थेरपीसाठी (बोलून केलेल्या मानसोपचारासाठी) जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या, चिठ्ठीशिवाय स्वतः नाव नोंदवता येतं. व्हिसा काढताना आरोग्य अधिभार भरलेला आहे, तेव्हा भीड कसली?

सासूबाईंबद्दल जरा वेगळं बोलते, कारण मी त्यांच्याच गावात, त्यांच्याच वयाच्या बायकांमध्ये बसते. “परत या” यातली सगळीच काळजी नसते, थोडी आसही असते. नात दहा वर्षांची झाली, तिला मांडीवर घ्यायचं वय निघून गेलं. तिकडची वाईट बातमी आली की त्यांना तुम्हाला बोलवायला एक कारण मिळतं. तेव्हा त्यांच्याशी पंतप्रधानांवर वाद घालू नका. पुढच्या सुट्टीत किती दिवस येणार ते सांगा, आणि रोजचा फोन नातीला करू द्या. राजकारणावर सासरेबुवांशी बोलायचं तर रविवारी, पंधरा मिनिटं. त्यांनाही विषय हवाच असतो.

आणि एक गोष्ट, जी आपल्यातल्या कितीतरी जणांना माहीत नाही. भारतीय पासपोर्ट असला तरी, राष्ट्रकुल देशाचे नागरिक म्हणून, वैध व्हिसावर ब्रिटनमध्ये राहणाऱ्या तुम्हा दोघांना तिथल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदान करता येतं. (नाशिकच्या यादीतलं मत द्यायला मात्र विमानाने यावं लागतं!) मतदान केंद्रावर ओळख म्हणून भारतीय पासपोर्ट चालतो. तुमच्या भागाच्या खासदाराला भेटून वास्तव्याच्या नियमांबद्दल विचारायलाही नागरिकत्व लागत नाही. मत दिलं म्हणून व्हिसाला धोका होतो, ही निव्वळ अफवा. मतदार यादीत नाव नसेल तर स्थानिक कौन्सिलकडे नोंदवा. दर वर्षी उन्हाळ्याच्या सुमारास त्यांची चौकशी येते, बहुतेक ती पिझ्झाच्या पत्रकांखाली पडलेली असते.